बाजूची सीट

२१ जानेवारी १९५३

आली एकदाची! नाव काय, तर मोटार — आणि आली बैलजोडीच्या मागे, दोराने बांधून! नागपुरातली आमची सारी तांडापेठ दारात उभी. सासूबाई पदर कमरेला खोचून बघत होत्या. म्हणाल्या, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं."

शेवरलेट पिकप, लढाईच्या आधीची. पुढचा एक दिवा फुटलेला, हौद्याच्या फळ्या कुजलेल्या, रंग कोणता होता ते देवच जाणे. वाडीच्या पुढे, अमरावती रस्त्याला, कुणा मारोतरावांच्या शेतात उभी होती. कोंबड्या राहायच्या तिच्यात. सीटखाली एक अंडं निघालं. हे म्हणाले, शकुन आहे. मला त्या कोंबडीचीच दया आली, बिचारीला घर विकल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

ह्यांच्या तोंडावर आज जे होतं ते आमच्या लग्नातही नव्हतं. मागावर बसून बसून पाठ गेली, पोट भरलं नाही. आता म्हणतात, सगळ्या पेठेची लुगडी मी उमरेडला नेईन, तिकडचा माल इकडे आणीन. माझ्या पाटल्या त्यापायी गेल्या. गेल्या तर गेल्या. पण मी वचन घेतलंय. "पयली सवारी तुहीच, वं. बाजूले बसवून नेतो तुले उमरेडले." दोन वर्षं माहेर पाहिलं नाही. आईला आता डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही म्हणतात. मला ओळखेल तरी का?

२ फेब्रुवारी

अंगणात इंजिन सांडलंय. खरंच सांडलंय! जेवणाच्या ताटात बोल्ट-ढिबऱ्या, परातीत घासलेट, तुळशीपाशी कार्बुरेटर. नत्थूजी मिस्त्री येतात. स्वतःला इंजिनाचे डॉक्टर म्हणवतात. रोगी त्यांच्या हाती गेला की आधी जास्तच आजारी पडतो. पण माणूस हसरा आहे, चहाला नाही म्हणत नाही.

हे काळेकुट्ट. अंघोळीनंतरही कानामागे ग्रीस. मी म्हटलं, तुमच्यापेक्षा गाडी लवकर उजळेल.

८ फेब्रुवारी

सीट माझ्याकडे दिली आहे. खुशीने घेतली. माझी बसायची जागा मीच नको का करायला?

वरचं रेक्झिन फाडलं तर खाली काय असावं — हातमागाचं जाड कापड! आपल्यातल्याच कुणाचं विणलेलं. काठ बघितला की कळतं. म्हणजे ही गाडी आधीही कुणा कोष्ट्याची होती. ड्रायव्हरच्या बाजूला ते विरलेलं, पण डाव्या बाजूला, जिथे मी बसणार, तिथे धड. पिवळं पडलं होतं, तेवढंच.

टाकून द्यावंसं वाटलं नाही. हात होईना. आपल्यात माग कधी रिकामा करत नाहीत. लुगडं कापून काढलं तरी जुन्या ताण्याच्या उभ्या दोऱ्यांची वीतभर शेपटी मागाच्या फणीत ठेवायची, आणि नव्या ताण्याचा एकेक दोरा तिला पिळून सांधायचा. ह्यांच्या मागावरचा ताणा आजेसासऱ्यांपासून असा सांधत आला आहे. सांधणीचं काम बायकांचं. माझी बोटं ते झोपेतही करतील. तेव्हा जुनं तसंच ठेवलं, आणि माझं लग्नातलं विरलेलं लुगडं होतं ते त्याला दोरा दोरा सांधून वरून ओढलं. सुरेख बसलं! सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं. सांधा सापडला नाही त्यांना. त्यांना सापडला नाही म्हणजे बघा!

जुनी स्प्रिंग उजव्या अंगठ्यात घुसली. लिहिताना ठणकतं.

११ फेब्रुवारी

नत्थूजी रागावले. "जुनं सारं काढून फेक, बाई. जुनं ठेवशीन तं जुनंच बसून राहीन." हे हसले. ह्यांनीही हौद्यात एक जुनी फळी ठेवली आहेच. कोष्ट्याची जात, आम्ही काय करणार!

१९ फेब्रुवारी

सीटला काथ्या नीट भरला होता, ठोकून ठोकून. आज बघते तर डाव्या बाजूला खळगा. कुणी बारीक अंगाचं माणूस बसून उठावं तसा. मांजर बसलं असेल. पुन्हा भरलं.

२३ फेब्रुवारी

पुन्हा खळगा. मांजराला दाराचा खटका उघडता येतो वाटतं.

६ मार्च

रंग झाला. मोरपंखी! रंग मी निवडला. आणि दोन्ही बाजूंनी, हौद्याच्या कडेने, ह्यांनी लाल-पांढरा करवती काठ रंगवला — अगदी टसरीच्या लुगड्याला असतो तसा, दात न् दात सारखा. फूटपट्टी नाही, काही नाही, नुसत्या नजरेने. पेठेतली बाईमाणसं हात लावून बघतात. गाडी नव्हे, नेसवलेली नवरीच. मला भरून आलं. ह्यांच्या हातातली कला मागावर वाया चालली असं सगळे म्हणत होते. ती वाया गेली नाही. आज मी फार खूश आहे.

सीटकडे बघितलं नाही.

१६ मार्च

पाडवा. गुढी आणि गाडी, दोघींना एकच हार. नत्थूजींनी हँडल मारलं, मग ह्यांनी, मग पुन्हा नत्थूजींनी — आणि धाडकन सुरू! सासूबाई दचकून तुळशीला धरून उभ्या राहिल्या. मग डोळे पुसले. मी पाहिलं, पण पाहिलं नाही असं केलं.

एक खोड आहे तिला. गरम असताना बंद केली तर लवकर सुरू होत नाही, हँडल मारून खांदा निखळतो. म्हणून वाटेत थांबले तरी इंजिन चालूच ठेवायचं.

पहिली सवारी माझी नाही. पेठेचा माल तयार होता, व्यापारी थांबायला तयार नव्हता. माझ्या जागेवर लुगड्यांची गाठोडी बसून गेली! "पुढच्या खेपेले, शामला. नक्की." हूं.

२० मार्च

हे गंमत सांगत होते. पाचगावच्या अलीकडे रस्त्याला एक मोठी चिंच आहे. उमरेडहून येताना तिथे गाडी जरा सावकाश केली की डावं दार आपोआप उघडतं. आपोआप लागतंही. "कोनी सवारी चढल्यावानी!" खटका ढिला असेल म्हणे.

२४ मार्च

खटका नवा बसवला. चिंचेपाशी दार उघडलंच.

२९ मार्च

आता दार सुताने बांधतात. ताण्याचं पीळदार सूत, सहज तुटायचं नाही. आज बघितलं तर ते तुटलं नव्हतंच. सुटलं होतं. गाठ सोडून बाजूला नीट गुंडाळून ठेवलेलं होतं, जसं आपण ठेवतो तसं.

दुपारी गाडी दारात आली. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. हे उजवीकडून उतरून माल सोडायला मागे गेले. आणि डावं दार उघडलं. माझ्या डोळ्यांसमोर! भर उन्हात! उघडलं, थोडं थांबलं, लागलं. गाडी त्या बाजूने जराशी वर आली, ओझं उतरल्यासारखी.

आतून सासूबाईंनी विचारलं, "कोन आलं वं?"

मी म्हटलं, कोणी नाही.

४ एप्रिल

मागाच्या आडव्या सुताच्या कांड्या भरून ठेवलेल्या आहेत. टोपली भरून. मी भरल्या नाहीत. सासूबाईंना आता चरखा फिरवता येत नाही, हात कापतो.

मी शपथ घेऊन सांगते, मी भरल्या नाहीत.

ह्यांनी एक कांडी धोट्यात घातली, आणि थांबले. "हे काय वं? उलट्या फेराच्या भरल्या तू." मी बघितल्या. सगळ्या उलट्या. चाक डाव्या हाताने फिरवलं तरच असं होतं. पण काम काय सफाईचं! एक दोरा सैल नाही. मला एवढं चांगलं येत नाही. लिहायला लाज वाटते, पण भीतीच्या आधी मला तेच वाटलं.

५ एप्रिल

ओसरीवर पाण्याचा गडवा रिकामा. रोज दुपारी रिकामा. ऊन पितं का पाणी?

११ एप्रिल

आज जेवताना हे म्हणाले, "आज रस्त्यानं लय बोलली तू. जीव रमला माहा."

मी वाढता वाढता थांबले. मी म्हटलं, मी घरी होते. दिवसभर घरीच होते. पापड लाटत होते, तुमच्या आईंना विचारा.

ते माझ्याकडे बघत राहिले. मग हसले. "हो का? मले तं वाटलं —" आणि भात कालवायला लागले. काय बोलले असतील ते दोघं? विचारायचं धाडस होत नाही. गाडीत मी अजून एकदाही बसले नाही. माझी जागा मी माझ्या हाताने सजवली, माझं लग्नाचं लुगडं घातलं तिच्यात, आणि बसते दुसरीच! राग येतो. भीती वाटते ती वेगळी, पण राग जास्त येतो.

१४ एप्रिल

मारोतराव आले होते. गाडी विकली ते. बैल विकला तरी माणूस एकदा बघायला येतोच. करवती काठावरून हात फिरवला, वाहवा केली. मग डावीकडे आले आणि सूत बघून उभेच राहिले.

"हे दार काहून बांधलं, गा?"

ह्यांनी सांगितलं. मारोतराव ओसरीवर बसले. पाणी मागितलं. मग बोलले, ते असं —

"गाडी माही नोहे. माह्या भावाची, गणपतरावची. उमरेडचा. आपल्यातलाच. भावजय होती, जनाबाई, तिले ताप. भाऊ तिले नागपुरले दवाखान्यात आणून राहिला होता. चिंचेपाशी म्हणे, जरा सावलीत बसतो. उतरली. इंजिन चालूच होतं. मंग दार लागलं, भावानं गाडी काढली. भाऊ सांगे, सारा रस्ता बोलून राहिली होती माह्यासंगं. दवाखान्यापाशी पायलं — सीट खाली, बसलेलं कोनीच नाही."

परत जाऊन बघितलं तर चिंचेखाली कोणी नाही. विहिरी पाहिल्या, नाले पाहिले. सापडलीच नाही. गणपतरावांनी पुन्हा चाक धरलं नाही, वर्षाच्या आत गेले.

मी दाराआडून विचारलं, "डावखुऱ्या होत्या का?"

मारोतरावांनी मान वर केली. "तुले कोनं सांगतलं, बाई? डाव्या हातानं कांडी भरे. माही माय रोज बोले तिले त्यापायी."

मग त्यांनी सीट बघितली. कापड वर उचलून. खालचं पिवळं. त्यांचा चेहराच उतरला. जनाबाईचं लुगडं होतं ते. भावाने सीटच्या आत लावलेलं, तिला स्प्रिंग टोचू नये म्हणून.

आणि मी त्याला दोरा दोरा सांधला! माझाच हात. कुणाला बोल लावू?

१५ एप्रिल

हे म्हणतात, गाडी विकून टाकू. म्हणतात, पण काठावरची धूळ पदराने पुसावी तशी पुसतात. विकली तर पुन्हा दिवसभर मागावर बसायचं. पाठ तर गेलेलीच आहे. मी म्हटलं, गाडी विकायची नाही. माझं मी बघते.

पण एक लिहून ठेवते. विकू म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते, डाव्या दाराकडे बघत होते. आणि दार आता बांधत नाहीत. विचारलं तर म्हणाले, राहू दे, कशाले तिले तरास.

तिले!

१७ एप्रिल

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तं कधीचीच ओळखली. पायाची चाहूल तुही नाही." इतके दिवस बोलल्या का नाहीत? तर म्हणे, "थे काम करते, पानी पेते. कोनाचं काय घेते?"

माझं घेते! मी ओरडलेच. माझी जागा घेते!

मग म्हणाल्या, सांधा तोडावा लागेल. घरी नाही, जिथली आहे तिथे, चिंचेखाली. तिचा तुकडा तिथेच सोडायचा, हळदकुंकू वाहायचं, मागे बघायचं नाही. पण बजावलं — "जपून काप, पोरी. कापून पडते थे पडते. मागावर उरते थेच पुढं चालते."

त्यांनी मला सांधा शिकवायचा! सांधणारी मीच आहे. माझ्या बोटांना कळेल.

१९ एप्रिल

सकाळी. भर उजेडात जाणार आहोत, आणि मी जाणार आहे! माल नाही, गाठोडी नाहीत. हे आणि मी. हिरवं लुगडं नेसले आहे. कात्री, हळदकुंकू, आईसाठी पापड.

वाटेत चिंचेपाशी उतरेन. हे चाकावरच बसतील, इंजिन चालू ठेवून. मी दारातून हात घालून सांधा शोधीन, कापीन, तुकडा झाडाखाली ठेवीन, की पुन्हा चढले. किती वेळ लागतो त्याला! पण मीच इतका बारीक केलाय तो. आता बोटाने चाचपून बघितलं, तिचं कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं ते मलाही लागलं नाही. घाईत असेन म्हणून. तिथे लागेल.

ह्यांना सांगून ठेवलंय, मी वर चढल्यावर माझं तोंड बघा, आणि मगच गाडी काढा. "हो वं," म्हणाले. मला ते हवे आहेत. सारेच्या सारे. त्यांचं रस्त्यानं बोलणं, हसणं, ग्रीसचे कान, सगळं. कुणाबरोबर वाटून घेणार नाही.

हाका मारतात. निघते. संध्याकाळी आईचं सगळं लिहीन.

३ मे

अक्षर वाकडं येतं. डाव्या हाताने लिहायचं म्हणजे सवय हवी. कांड्या मात्र टोपलीभर झाल्या.

हे चांगले आहेत. सासूबाई वाढतात, तोंडाकडे बघत नाहीत. उमरेडच्या म्हातारीला दिसत नाही, ते बरं आहे. हात चाचपत राहिली, बोटं गार म्हणाली.

सीटवरचं नवं कापड कापून गेलं, चिंचेखालीच पडलं. जुनं तेवढं राहिलं. धड आहे. बसायला बरं वाटतं.

चिंचेखाली हल्ली एक बाई उभी असते. हिरवं लुगडं. गाडी दिसली की हात करते, मागे धावते. आज ह्यांनी गाडी सावकाश केली. म्हणाले, कोन हाय वं, ओळखीची वाटते. घ्याची का?

मी म्हटलं, चला. जागा नाही.